जनरेटरचे अस्तर

मराठी रंगभूमीचा इतिहास आपण नाटककारांच्या, नटांच्या, फार तर मंडळ्यांच्या नावाने लिहितो आणि वर्गात शिकवतोही तसाच. १८४३ मध्ये सांगलीला विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केले तेथून आरंभ करायचा आणि किर्लोस्कर, देवल, खाडिलकर, गडकरी अशी ठरलेली स्थानके घेत पुढे जायचे. त्या रात्री रंगमंचावर उजेड कशाचा होता आणि तो कोण राखत होता, हा प्रश्न प्रश्नपत्रिकेत येत नाही, म्हणून मनातही येत नाही. माझ्या मनात तो आला तो एका जुन्या टाटा ४०७ मुळे.

नंदनवन हे नाव नागपुरात राहणाऱ्याला मे महिन्यात थट्टेचे वाटते. पारा ४५ च्या पुढे सरकला की इंद्राच्या बागेत डांबर मऊ होते. आमच्या घरापासून जगनाडे चौक जवळ आहे; तेथून वाठोड्याच्या दिशेने निघाले की रस्त्याच्या कडेला पत्रा ठोकणारे, गाड्यांच्या बॉड्या बांधणारे, वेल्डिंग करणारे कारागीर भेटतात. गेल्या सप्टेंबरात त्यांतल्या एका शेडपुढे ही ४०७ उभी होती. तिच्या पाठीवर तीन भाग होते. पुढे दोन माणसांना झोपता येईल एवढी फळी, मध्ये तारांची वेटोळी आणि दिव्यांच्या पेट्या, आणि मागे पत्र्याच्या कप्प्यात १५ केव्हीएचा डिझेल जनरेटर. गाडी ब्रह्मपुरीकडच्या एका बिछायत केंद्राची होती. दिवाळीनंतर झाडीपट्टीतल्या नाटकांना उजेड आणि ध्वनी पुरवत ती चार महिने गावोगाव फिरते आणि तिच्यावरची दोन माणसे तेवढे दिवस तिच्यातच राहतात. हंगामाआधी जनरेटरच्या कप्प्याचे आतले अस्तर बदलून घ्यायला ती नागपूरला आली होती.

झाडीपट्टी म्हणजे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली हा धानाचा आणि जंगलाचा मुलूख, हे विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगितले पाहिजे. भाऊबीजेच्या सुमारास तेथे गावोगाव मंडई भरते आणि रात्री नाटक होते. ते उशिरा सुरू होऊन पहाटेपर्यंत चालते. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे या व्यवसायाचे केंद्र आहे. दंडार आणि खडी गंमत यांच्या मातीतून वर आलेली ही रंगभूमी पुण्या-मुंबईच्या समीक्षेच्या नजरेत फार उशिरा आली. २०२३ मध्ये परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाल्यावर ज्यांना हे नाव शोधावे लागले, त्यांत मराठीचे प्राध्यापकही होते. असो.

तर अस्तर. मी तेथे थांबले ती केवळ कुतूहलाने. कारागीर कप्प्याच्या आतून काळा, तेलकट, भिजल्या पोळीसारखा लोंबणारा फोम ओरबाडून काढत होता. एके काळी तो करड्या रंगाचा, अंड्यांच्या ट्रेसारख्या उंचवट्यांचा असणार. दहा-बारा वर्षांच्या डिझेलच्या वाफेने आणि उष्णतेने त्याचा चिखल झाला होता. आवाज शोषण्यासाठी लावलेली वस्तू तेल शोषून बसली होती, आणि तेल प्यालेला फोम ही वातच असते. सायलेन्सरची एक ठिणगी तिला पुरते. मी त्याला विचारले की सगळीकडून जाड अस्तर लावून कप्पा घट्ट बंद का करत नाहीत. त्याने माझ्याकडे, विद्यार्थ्याने भलता संधी सोडवल्यावर मी पाहते, तसे पाहिले. म्हणाला, “हवा जाते तिथून आवाज जाते, मॅडम. आणि हवा बंद केली त इंजन मरते.”

या एका वाक्यात या यंत्राची सारी अडचण आहे, आणि मला पुढे लक्षात आले त्याप्रमाणे, आपल्या करमणुकीच्या इतिहासाची एक न लिहिलेली बाजूही आहे.

आधी हिशेब पाहू. एका लिटर डिझेलमध्ये सुमारे १० युनिट ऊर्जा असते. त्यांतली वीज होऊन तारेत जाते ती तीनेक युनिट. उरलेली सात उष्णता होते. १५ केव्हीएचा संच पूर्ण भाराने चालला तर तासाला चारेक लिटर डिझेल पितो, म्हणजे तासाला जवळजवळ २८ युनिट उष्णता. तिच्यातली निम्मी धुराबरोबर नळीतून निघून जाते असे धरले, तरी उरलेली निम्मी त्या लहानशा पत्र्याच्या खोलीत इंजिनाच्या अंगावरून आणि रेडिएटरमधून बाहेर पडते. २००० वॉटचे सात गिझर एका कपाटात चालू ठेवल्यासारखे ते आहे. ही उष्णता वाहून न्यायला वारा हवा, वाऱ्याला वाट हवी, आणि त्याच वाटेने आवाज बाहेर पडतो. ध्वनीचे माप उतरंडीचे असते. १० डेसिबल कमी म्हणजे ऊर्जा दहावा भाग, २० कमी म्हणजे शंभरावा. म्हणून कप्प्याच्या भिंती कितीही उत्तम असोत, एकूण पृष्ठभागात एक टक्का फट राहिली तर शंभरावा भाग आवाज त्या फटीतूनच निसटतो, आणि २० डेसिबलच्या पलीकडे काही साधत नाही. दाराच्या कडेचे तुटलेले रबर हे म्हणूनच फोमपेक्षा अधिक महत्त्वाचे. कारागिराने सर्वांत अधिक वेळ घालवला तो त्या रबरावर.

यावर जो उपाय निघाला तो मला फार सुंदर वाटतो. हवेला सरळ वाट द्यायचीच नाही. तिला दोन-तीन वळणे घ्यायला लावायची आणि वळणांच्या भिंतींना काचलोकरीचे, म्हणजे ज्याला बाजारात ग्लासवूल म्हणतात त्याचे, अस्तर द्यायचे. हवा वळते आणि पुढे जाते. आवाज दर वळणावर भिंतीला आपटतो आणि थोडा थोडा त्या लोकरीत जिरतो. तीक्ष्ण आवाज लवकर जिरतो, खर्जातली घरघर मात्र बरीचशी तशीच राहते. तिच्यासाठी इंजिनाखाली रबराचे पाय आणि भिंतीला वजन हवे. भिंतीचे वजन दुप्पट केले तर पाच-सहा डेसिबल मिळतात. पण गाडीला वजन परवडत नाही. आपल्या जुन्या धाब्याच्या घरांना ते परवडत होते. हातभर जाडीची मातीची भिंत ऊन्हही अडवी आणि शेजारचे भांडणही. एकाच मातीने दोन्ही कामे होत. फिरत्या संसाराला माती बरोबर नेता येत नाही, म्हणून त्याला तंतू, हवा आणि वळण यांच्यावर भागवावे लागते.

उजेड आणि आवाज यांचे हे वैर केव्हा सुरू झाले असेल? मशाली आणि टेंभे यांना आवाज नव्हता, धूर होता. पेट्रोमॅक्सची गॅसबत्ती आली ती बारीक फुसफुसणारी. मध्येच तिला हवा भरावी लागे, तिची जाळी कीटकाच्या धडकेनेही फाटे, पण नटाच्या आवाजाशी तिने कधी स्पर्धा केली नाही. दंडारीचा, तमाशाचा, कीर्तनाचा आवाज तिच्यावरून सहज जाई. मग इंजिन आले. साताऱ्याच्या कूपर कारखान्यात स्वातंत्र्यापूर्वीच डिझेल इंजिने तयार होऊ लागली होती. १९४६ मध्ये किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची पुण्यात स्थापना झाली. ही इंजिने मुख्यतः विहिरीवरच्या पंपासाठी आणि पिठाच्या गिरणीसाठी होती. गावाच्या कानाला गिरणीची ती पुकपुक इतकी सवयीची झाली की तिला कुणी आवाज म्हटले नाही. पण तेच इंजिन डायनामोला जोडून तंबूच्या मागे ठेवले, की पुढच्या माणसाला ओरडावे लागते. मग माईक येतो. माइकला वीज हवी, म्हणून मोठे इंजिन. मोठ्या इंजिनाचा मोठा आवाज, म्हणून मोठे भोंगे. आपल्या लोकनाट्याचा स्वर बदलला, गाण्याची पट्टी बदलली, संवाद आखूड झाले, यांची कारणे आपण सिनेमाच्या प्रभावात शोधतो. मला वाटते, काही कारणे तंबूच्या मागे शोधायला हवीत.

सिनेमाचीही तीच कथा आहे, आणि तेथे तर ती नोंदलेली आहे. ७ जुलै १८९६ ला मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्यूमिएर बंधूंच्या चित्रफिती दाखवल्या गेल्या, त्यानंतर थोड्याच वर्षांत चित्रपट तंबूत आला. अब्दुलअली युसूफअली हे तंबूवाले १९०१ पासून आधी आग्नेय आशियात आणि १९०८ पासून हिंदुस्थानात फिरले. शंभर फूट लांब, पन्नास फूट रुंद असा त्यांचा तंबू आणि त्यात हजारेक प्रेक्षक मावत, असे वर्णन आढळते. मूकपटाला यंत्राच्या आवाजाचे भय नव्हते. पेटी-तबलेवाला तो झाकून टाकी. पुढे हेच तंबूवाले अर्देशीर इराणींचे भागीदार झाले आणि मुंबईचे मॅजेस्टिक थिएटर त्यांच्याकडे आले. १४ मार्च १९३१ ला त्याच मॅजेस्टिकमध्ये ‘आलमआरा’ लागला, आणि यंत्राचा आवाज हा एकाएकी शत्रू झाला. इराणींचा स्टुडिओ रेल्वेमार्गालगत होता. दिवसभर गाड्या धावत, म्हणून चित्रीकरणाचा बराच भाग गाड्या थांबल्यावर, मध्यरात्रीनंतर, केला गेला. भारतीय बोलपटाचा जन्म रात्रीच्या शांततेत झाला तो काही काव्यात्म कारणाने नव्हे.

बोलपटाच्या पहिल्या दिवसांत जगभरच कॅमेऱ्याला काचेची खिडकी असलेल्या बंद खोक्यात ठेवत, कारण त्याची खरखर ध्वनिमुद्रणात येई. त्या खोक्यात कॅमेरामनही असे आणि दृश्य संपल्यावर तो घामाने निथळत बाहेर येई. कार्बनचे आर्क दिवे गुणगुणत, म्हणून त्यांच्या जागी तंतूचे दिवे आले. ते गुणगुणत नव्हते, पण तापत फार. पंखे बंद, दारे बंद. जो आवाज दाबला त्याची किंमत उष्णतेने मोजली, आणि ती यंत्राजवळच्या माणसाने मोजली. नायिकेच्या गाण्याची नोंद आपल्याजवळ आहे, खोक्यातल्या माणसाच्या तापमानाची नाही.

जत्रांमागून फिरणाऱ्या टूरिंग टॉकीजच्या गाड्यांत प्रक्षेपणयंत्र ट्रकमध्येच बसवलेले असे आणि माणसेही तेथेच राहत. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांचा २०१६ चा ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट महाराष्ट्रातल्या अशाच गाड्यांमागे काही वर्षे हिंडला. ज्यांनी तो पाहिला नसेल त्यांनी अवश्य पाहावा. गजेंद्र अहिरे यांचा ‘टूरिंग टॉकीज’ हा मराठी चित्रपट त्याआधी, २०१३ मध्ये, आला होता. दोन्हींत तंबूवाल्यांविषयी माया आहे. माझे लक्ष मात्र आता पडद्यापेक्षा ट्रककडेच जाते.

अस्तराचा प्रश्न सरकारी कागदावर आला तो या शतकात. फेब्रुवारी २००० मध्ये ध्वनिप्रदूषणाचे नियम झाले आणि रात्री १० नंतरच्या भोंग्यांवर बंधन आले. त्यावर तमाशावाल्यांनी आणि नाटकवाल्यांनी जो आकांत केला त्यात दोन्ही बाजूंना तथ्य आहे, आणि त्याविषयी येथे लिहू लागले तर हा लेख संपणार नाही. मे २००२ मध्ये डिझेल जनरेटरसाठी वेगळी अधिसूचना निघाली. १ जानेवारी २००५ नंतर तयार होणाऱ्या १००० केव्हीएपर्यंतच्या संचाचा आवाज त्याच्या आवरणापासून १ मीटरवर ७५ डेसिबलहून अधिक असता कामा नये, आणि हे आवरण उत्पादकानेच द्यायचे, असे ठरले. ‘कॅनोपी’ हा शब्द तेव्हापासून मिस्त्रींच्या तोंडी आला. उघड्या इंजिनाजवळ उभे राहिले तर आवाज १०० डेसिबलच्या आसपास असतो, म्हणजे कॅनोपीने त्यातली ऊर्जा तीनशेव्या भागावर आणावी अशी ही अपेक्षा होती.

योगायोगाने हीच वर्षे विदर्भातल्या भारनियमनाची. कोराडीला १९७४ मध्ये पहिला संच सुरू झाला, खापरखेडाही आमच्या अंगणातलेच. रात्री नागपूरच्या क्षितिजावर त्यांचे दिवे दिसत, आणि पन्नास-साठ किलोमीटरवरच्या गावात दिवसाचे कित्येक तास अंधार असे. मी तेव्हा नुकतीच अध्यापनाला लागले होते. आमच्या वर्गाच्या खिडकीमागे एक उघडा जनरेटर होता. तो सुरू झाला की मी खडू खाली ठेवत असे, कारण कवितेचे वाचन आणि ते इंजिन या दोहोंपैकी एकालाच त्या खोलीत जागा होती. त्याच्याजवळ दिवसभर बसणाऱ्या माणसाचे नाव मी कधी विचारले नाही. तो फार मोठ्याने बोलतो, एवढेच आम्हा सर्वांना ठाऊक होते आणि आम्ही त्यावर हसत होतो. कारखान्यात आठ तासांसाठी ९० डेसिबल ही मर्यादा आहे, आणि तिच्या वर वर्षानुवर्षे राहिलेला कान आधी बारीक, उंच स्वर गमावतो, हे मला पुष्कळ नंतर कळले. मराठीत ‘स’ आणि ‘श’ यांतला भेद त्या उंच स्वरांत असतो. भाषा शिकवणाऱ्या बाईच्या खिडकीखाली एक माणूस भाषेची काही व्यंजने हरवत बसला होता.

४०७ कडे परत येऊ. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम गेले तेव्हा हाताखालचा मुलगा सायलेन्सरवरची दोरी उलगडत होता. पांढरट, जाड, पिंजारलेली दोरी. उघड्या हाताने ओढली की तिच्यातून पिठासारखी धूळ उडे आणि उन्हाच्या तिरिपेत चमके. धुराच्या नळीतले वायू पूर्ण भारावर चार-पाचशे अंशांपर्यंत तापतात. ती उष्णता कप्प्यात पसरू नये म्हणून नळीला आणि सायलेन्सरला गुंडाळायचे हे कापड अथवा दोरी. आज त्यासाठी काचतंतूची पट्टी किंवा सिरॅमिक तंतूचे कांबळे मिळते. जुन्या गाड्यांवर मात्र ॲस्बेस्टॉसची दोरी असे. ही ती होती की नाही हे डोळ्यांनी सांगता येत नाही, आणि म्हणूनच ती आहे असे समजून वागायला हवे, असे रसायनशास्त्राच्या माझ्या सहकाऱ्याने फोनवर सांगितले आणि पाठोपाठ तो स्वतः आला. काम थांबवले. दोरीवर पाणी फवारले, मग ती ओलीच काढली, दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत एकात एक घालून बांधली, जमीन झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसली. त्या मुलाला मुखपट्टी दिली. ती बाजारातली साधी नव्हे, बारीक कण अडवणारी होती. काचलोकर हाताळताना तो ती हनुवटीवर सरकवून बसला होता, हेही खरे आहे. काचलोकरीची खाज दोन तासांत जाते. ॲस्बेस्टॉसचा तंतू फुप्फुसात गेला तर त्याचा हिशेब वीस, तीस, कधी चाळीस वर्षांनी लागतो, आणि तोवर गाडीही उरलेली नसते आणि मालकही.

२७ जानेवारी १९९५ ला सर्वोच्च न्यायालयाने ॲस्बेस्टॉस कामगारांच्या प्रकरणात कामगाराचे आरोग्य हा त्याच्या जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग आहे असे म्हटले, त्यांच्या आरोग्याच्या नोंदी ४० वर्षे जपण्याचा आदेश दिला, बाधितांना एक लाख रुपये भरपाई ठरवली. हा मोठा निवाडा आहे. पण तो कारखान्यांकडे पाहून दिलेला आहे. वाठोड्याच्या रस्त्यावर दोरी उलगडणाऱ्या मुलाची नोंद कोण ४० वर्षे ठेवणार? त्या पिशव्याही, मी शेवटचे विचारले तेव्हा, शेडच्या कोपऱ्यातच होत्या. त्या कुठे न्यायच्या हे त्याला सांगायला महापालिकेच्या कचरागाडीजवळ काही नव्हते.

नवे अस्तर लागायला चार दिवस गेले. आधी पत्रा घासून, पुसून कोरडा केला. त्याला जड डांबरी चादर चिकटवली, जिने पत्र्याचे थरथरणे थांबते. तिच्यावर दोन इंच काचलोकर, तिच्यावर तंतू सुटू नयेत म्हणून काळे काचकापड, आणि सर्वांत आत भोके पाडलेला जाळीचा पत्रा. भोकांतून आवाज आत शिरतो आणि लोकरीत अडकतो. तेल मात्र पत्र्यावरून ओघळून जाते. सायलेन्सरलगतच्या भागात लोकरीवर चकचकीत ॲल्युमिनियमचा पत्रा दिला, कारण तेथे आवाजापेक्षा धग परतवायची होती. हवा घेण्याची वाट गाडीच्या डाव्या बाजूने खालून आणि सोडण्याची उजवीकडून वर, अशी. एकदा तापलेली हवा फिरून आत ओढली गेली तर इंजिन अर्ध्या तासात उकळते.

शेवटी तो मधल्या भिंतीकडे आला, जिच्या पलीकडे झोपण्याची फळी होती. तारा नेण्यासाठी पाडलेल्या मुठीएवढ्या भोकात एक चिंधी कोंबलेली होती. मला वाटले ती आवाजासाठी. तो म्हणाला, धुरासाठी. हिवाळ्यात शेगडी पेटवून बंद खोलीत झोपलेली माणसे सकाळी उठत नाहीत अशा बातम्या आपण वाचतो. तोच कार्बन मोनॉक्साइड धुराच्या नळीच्या सैल सांध्यातून निघतो. त्याला वास नसतो. डिझेलच्या धुरात तो पेट्रोलपेक्षा कमी असतो, पण त्याच्या एका हाताच्या अंतरावर कुणी आठ तास झोपणार असेल तर कमी या शब्दाला फारसा अर्थ नाही. भोकाला रबराची बाही बसवून ते उष्णता सोसणाऱ्या लुकणाने बंद केले, सांध्याचे पॅकिंग बदलले, आणि नळीचे तोंड गाडीच्या मागे, छताच्या वर काढले. या भागाला मालकाने पैसे द्यायला प्रथम कुरकुर केली. हे काम बाहेरून दिसत नाही.

दिवाळीनंतर मी ब्रह्मपुरीच्या पुढच्या एका गावी नाटकाला गेले. माझ्या एका विद्यार्थिनीचे ते गाव. नाटक साडेदहाला सुरू झाले. धानाच्या कापलेल्या बांध्यांवर थंडी उतरली होती आणि भोंग्यांचा आवाज दूरच्या गावापर्यंत स्पष्ट जात असणार; हिवाळ्याच्या रात्री जमिनीलगतची हवा थंड आणि वरची उबदार असते, त्यामुळे वर जाणारा आवाज वळून पुन्हा खाली येतो. मेच्या दुपारी याच्या नेमके उलट होते आणि हाक दोन शेतांपलीकडे पोचत नाही. जुनी माणसे सांगतात की पूर्वी जनरेटर म्हणूनच तंबूपासून फार लांब, तळ्याच्या पाळीमागे किंवा तणसाच्या ढिगाऱ्यामागे ठेवत. तार जितकी लांब तितका दाब पडतो आणि दिवे पिवळे होतात, पण नायिकेचे रडणे ऐकू येते. पाळीचे मातीचे वजन आणि तणसाचे मऊपण, दोन्ही तत्त्वे तेथे होतीच. त्यांना कॅनोपी म्हणत नव्हते एवढेच.

आता गाडी तंबूपासून चाळीस पावलांवर उभी होती. पहिल्या अंकानंतर मी मागे गेले. नवे अस्तर उत्तम लागले होते. जवळ गेल्यावर खालून घरघर जाणवत होती, पण माणसाशी नेहमीच्या आवाजात बोलता येत होते. गाडीचा माणूस शेजारी गोणपाटावर बसला होता. पन्नाशीचा असेल. मी दोनदा विचारल्यावर त्याने उत्तर दिले, आणि ते देताना माझ्या ओठांकडे पाहत होता. तेवढ्यात माझ्या लक्षात आले की कप्प्याचे मागचे दार चार बोटे उघडे आहे आणि त्यात एक विटेचा तुकडा अडकवलेला आहे. चार दिवस बसून लावलेले रबर तसेच लोंबत होते, आणि फटीतून आवाज आणि ऊब दोन्ही नेमकी त्याच्या अंगावर येत होती.

थंडीसाठी का, असे मी विचारले. तो हसला.

“दार लावलं त इंजन काय म्हनते ते आयकू येत नाही, मॅडम. बंद पडाच्या आधी ते सांगते. आयकाले पायजे न.”

आत दुसऱ्या अंकाची नांदी सुरू झाली होती. त्याने वीट थोडी आत सरकवली, फट दोन बोटांची केली, आणि कान तिकडे लावून बसला.